संथगती लसीकार्बुद : पहिला औषधोपचार आणि त्याची फलनिष्पत्ती

(कोल्हापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. ऊस, दूध, पाणीपुरवठा, शाळागृहे या विषयांवर बोलणाऱ्या माहिती अधिकाऱ्याने कर्करोगाच्या एका प्रकारावर, आणि त्यातही त्याच्या पहिल्या औषधोपचारावर बोलावे, हे कशासाठी? मी कला शाखेचा पदवीधर आहे. कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा माझा हेतूही नाही. परंतु गावात कोणाला कर्करोग झाला की डॉक्टरांच्या पाठोपाठ सल्ला विचारला जातो तो सरपंचांना, गुरुजींना आणि तलाठ्यांना. जमीन गहाण टाकावी काय, मुंबईस जावे काय, आता गाठ दिसत नाही तेव्हा उपचार थांबवावा काय, हे प्रश्न अखेर आपल्याच ओट्यावर येतात. उत्तर देणाऱ्याजवळ खरी माहिती असावी, एवढ्याच हेतूने हा विषय मी निवडला आहे.

रोगाचे स्वरूप

पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मान, काख, जांघ, छाती व पोट यांत लसीका ग्रंथींचे जाळे पसरलेले असते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी या ग्रंथींत वास करतात. म्हणून जंतू शिरला की ग्रंथी सुजते आणि जखम बरी झाली की ओसरते. परंतु याच पेशी जेव्हा कारणावाचून साठू लागतात, तेव्हा त्या विकारास लसीकार्बुद किंवा लिंफोमा असे म्हणतात. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथींच्या अशा विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. आज त्याचे अनेक प्रकार ज्ञात आहेत. काही वणव्यासारखे पसरतात आणि त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात. काही मात्र वर्षानुवर्षे संथपणे वाढतात.

या संथ प्रकारांत प्रमुख आहे तो फॉलिक्युलर लिंफोमा. न्यूयॉर्कमधील ब्रिल यांनी १९२५ मध्ये आणि सिमर्स यांनी १९२७ मध्ये त्याची नोंद केली. त्याचे मूळ बहुतेक रुग्णांत पेशींतील चौदाव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीत असते. या अदलाबदलीमुळे पेशीला मरण्यापासून वाचविणारे एक प्रथिन अवाजवी प्रमाणात तयार होऊ लागते. पेशी फार वेगाने वाढतात असे नव्हे, तर त्या वेळेवर मरत नाहीत. म्हणूनच गाठी वाढण्यास काळ लागतो. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या भांड्यातून, कपड्यांतून वा सहवासातून तो पसरत नाही.

आपल्याकडे हा रोग कितपत आढळतो? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांनी २००० साली २,७७३ रुग्णांच्या ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॉजकिनेतर लसीकार्बुदांपैकी १२.६ टक्के फॉलिक्युलर प्रकारची होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण २२ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे हा प्रकार तुलनेने कमी आढळत असला, तरी दुर्मीळ नाही.

निदानाची पायरी

औषधाचे फळ निदानावर अवलंबून असते आणि येथेच आपल्या भागात एक अडचण आहे. मानेतील गाठ म्हटली की आपल्याला गंडमाळा, म्हणजे ग्रंथींचा क्षयरोग, आठवतो. ते स्वाभाविकही आहे, कारण आपल्याकडे क्षयरोग पुष्कळ आहे. परंतु केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करून सहा-सहा महिने वाट पाहिली, तर लसीकार्बुदाचे निदान तितकेच मागे पडते. दोन्ही रोगांत ताप, घाम, वजन घटणे ही लक्षणे दिसू शकतात. संथ प्रकारात तर पुष्कळदा यांपैकी काहीच नसते. न दुखणारी, हाताला रबरासारखी लागणारी गाठ एवढेच चिन्ह असते.

सुई टोचून घेतलेल्या थेंबभर नमुन्यावर या रोगाचा नेमका प्रकार बहुधा ठरत नाही. शक्य असेल तेथे संपूर्ण गाठ काढून तिची सूक्ष्मदर्शकाखाली आणि विशेष रंगचाचण्यांनी परीक्षा करावी लागते. “गाठीला हात लावला की रोग पसरतो” हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. तो निराधार आहे, आणि तुकडा तपासणी टाळल्याने होणारे नुकसान मात्र खरे आहे. निदानानंतर रोग किती भागांत आहे, हिमोग्लोबिन किती आहे, अस्थिमज्जेत पेशी शिरल्या आहेत काय, हे पाहिले जाते. २००४ पासून रुग्णाचे वय, रोगाची व्याप्ती, हिमोग्लोबिन, बाधित ग्रंथीसमूहांची संख्या आणि रक्तातील एका विकराचे प्रमाण या पाच गोष्टींवरून पुढील वाटचालीचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ झाली आहे.

औषध न देण्याचा उपचार

आता मी अशा एका गोष्टीकडे वळतो, जी आपल्या लोकांना सर्वांत अवघड वाटते. कर्करोगाचे निदान करून डॉक्टर म्हणतात, “सध्या औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा.” घरच्यांचा समज होतो की डॉक्टरांनी हात टेकले किंवा गरीब म्हणून टाळले. मग धाव जाते ती जडीबुटीवाल्याकडे, नाहीतर खर्चिक उपचाराचे आश्वासन देणाऱ्याकडे.

वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांनी १९७९ व १९८४ मध्ये, प्रारंभी उपचार न केलेल्या रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लक्षणे नसलेल्या रुग्णांना केवळ देखरेखीखाली ठेवल्याने त्यांचे आयुष्य कमी झालेले दिसले नाही. पुढे ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून एका गटास निदान होताच क्लोरॅम्ब्युसिल ही गोळी देण्यात आली आणि दुसऱ्यास गरज पडेपर्यंत औषध दिले नाही. सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक नव्हता. देखरेखीखालील गटात दहा वर्षांनंतरही औषधाची गरज न लागण्याची शक्यता १९ टक्के होती आणि सत्तरीपुढील रुग्णांत ती ४० टक्के होती.

तात्पर्य, प्रतीक्षा ही टाळाटाळ नव्हे. ती विचारपूर्वक निवडलेली उपचारपद्धती आहे. मात्र तिला एक अट आहे, ती म्हणजे नियमित तपासणी. कारण दरवर्षी शंभरांपैकी दोन-तीन रुग्णांत हा संथ रोग आपले रूप पालटून वेगवान होतो. गाठ एकाएकी वाढू लागली, ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे. गाठी फार मोठ्या झाल्या, एखाद्या अवयवावर दाब येऊ लागला, रक्तातील पेशी घटल्या किंवा लक्षणे दिसू लागली, म्हणजे औषधोपचाराची वेळ आली असे मानले जाते. रोग एकाच भागापुरता असल्यास किरणोपचारानेही दीर्घकाळ आराम पडू शकतो.

औषधांची वाटचाल

या रोगावरील औषधांचा इतिहास युद्धकाळातून निघतो. मस्टर्ड वायूशी नाते सांगणारे एक रसायन पांढऱ्या पेशींचा नाश करते, हे ओळखून येल विद्यापीठातील गुडमन व गिलमन यांच्या प्रयत्नांतून १९४२ मध्ये ते लसीकार्बुदाच्या रुग्णास प्रथम दिले गेले. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही माहिती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोरॅम्ब्युसिल व सायक्लोफॉस्फामाइड ही त्याच कुळातील पुढची औषधे होत. आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळाले. सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टिन व प्रेडनिसोलोन ही त्रयी, आणि तिला डॉक्सोरुबिसिन जोडून झालेली चौकडी, हाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुख्य उपचार होता. गाठी विरत, परंतु काही काळाने परत येत.

खरा पालट प्रतिपिंडांच्या शोधाने घडला. कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली आणि १९८४ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. या रीतीवर आधारलेले रिटक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या पेशींवर विशिष्ट खूण आहे त्यांनाच ते चिकटते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या पेशींचा नाश करते. ही खूण बी-प्रकारच्या निरोगी पेशींवरही असल्याने त्याही काही काळ घटतात. भारताच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००७ ची. त्या वर्षी हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने या औषधाची समरूप आवृत्ती बाजारात आणली आणि किंमत सुमारे निम्म्यावर आली. पुढे अन्य भारतीय उत्पादकही आले.

फलनिष्पत्तीचे आकडे

पहिल्या उपचाराने नेमके काय साधते? यासंबंधी मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष मी थोडक्यात मांडतो.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२१ रुग्णांच्या प्रयोगात एका गटास वर सांगितलेली त्रयी आणि दुसऱ्यास त्रयीसह रिटक्सिमॅब देण्यात आले. नुसत्या त्रयीने ५७ टक्के रुग्णांच्या गाठी पुरेशा ओसरल्या, रिटक्सिमॅबसह ८१ टक्क्यांच्या. गाठी पूर्ण नाहीशा होण्याचे प्रमाण १० वरून ४१ टक्क्यांवर गेले. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्य कालावधी १५ महिन्यांवरून ३२ महिन्यांवर गेला.

येथे शिक्षक मित्रांसाठी एक खुलासा करतो. मध्य कालावधी म्हणजे सरासरी नव्हे. शंभर रुग्ण ओळीने उभे केले, तर पन्नास जणांचा रोग त्या काळाच्या आत परततो आणि पन्नास जणांचा त्यानंतर. आपला रुग्ण ओळीत कोठे उभा आहे, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून “तुमच्याकडे इतकेच महिने आहेत” असे कोणी सांगू लागल्यास ते अयोग्य होय.

पूर्व जर्मनीत १९६३ मध्ये तयार झालेले बेंडामुस्टिन हे औषध अनेक वर्षे बाहेरच्या जगास फारसे ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये जर्मनीतील ५१४ रुग्णांच्या प्रयोगाने ते पुढे आले. रिटक्सिमॅबसह चौकडी घेतलेल्यांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्य कालावधी ३१.२ महिने होता, तर रिटक्सिमॅबसह बेंडामुस्टिन घेतलेल्यांत ६९.५ महिने. केस गळणे व जंतुसंसर्ग हे त्रासही दुसऱ्या गटात कमी होते. तथापि, एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. शिवाय बेंडामुस्टिननंतर प्रतिकारशक्ती दीर्घकाळ मंदावलेली राहू शकते, म्हणून वृद्ध रुग्णांत विशेष दक्षता घेतात.

पहिला उपचार यशस्वी झाल्यावर आणखी दोन वर्षे, दर दोन महिन्यांनी रिटक्सिमॅब चालू ठेवावे काय? या प्रश्नावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या प्रयोगाचा दहा वर्षांचा हिशेब उपलब्ध आहे. औषध चालू ठेवलेल्यांत रोगमुक्त अवस्थेचा मध्य कालावधी १०.५ वर्षे होता, न ठेवलेल्यांत ४.१ वर्षे. परंतु दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ८० टक्केच होते.

२०१७ मध्ये ओबिनुटुझुमॅब या नव्या प्रतिपिंडाचा १,२०२ रुग्णांवरील निष्कर्ष आला. तीन वर्षांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण त्याने ८० टक्के, तर रिटक्सिमॅबने ७३.३ टक्के होते. गंभीर त्रास मात्र नव्या औषधाने अधिक झाले. २०१८ मध्ये लेनालिडोमाइड ही गोळी व रिटक्सिमॅब यांची जोडी रासायनिक औषधांच्या बरोबरीची ठरली. तीन वर्षांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ७७ आणि ७८ टक्के असे होते.

या साऱ्यांचा एकत्रित परिणाम पाहायचा, तर स्टॅनफर्डमधील १,३३४ रुग्णांचा २०१३ चा आढावा बोलका आहे. १९६० ते १९८६ या काळातील रुग्णांचे मध्य आयुर्मान निदानानंतर सुमारे ११ वर्षे होते. १९८७ ते १९९६ या काळातील रुग्णांत ते १८.४ वर्षे झाले. १९९७ नंतरच्या रुग्णांत आढावा घेईपर्यंत निम्म्याहून अधिक हयात होते. ज्या रोगाचे नाव ऐकून घरात रडारड होते, त्या रोगाचे हे आकडे आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षांच्या आत रोग परतणारे सुमारे एक-पंचमांश रुग्ण असतात. २०१५ च्या ५८८ रुग्णांच्या अभ्यासात अशांपैकी पाच वर्षांनी सुमारे ५० टक्के हयात होते, तर इतरांत हे प्रमाण ९० टक्के होते. म्हणून उपचारानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतील एकही तपासणी चुकवू नये. रोग परतला तरी पुढचे मार्ग आहेत. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो परतलेल्या किंवा औषधास दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या रोगासाठी आहे, पहिल्या उपचारासाठी नव्हे.

घरच्या निर्णयासाठी आकड्यांचा अर्थ

आपल्या दृष्टीने या आकड्यांतून तीन गोष्टी निघतात.

पहिली, पहिला उपचार बहुसंख्य रुग्णांना लागू पडतो, परंतु त्याने रोग कायमचा गेला असे सहसा म्हणता येत नाही. मधुमेहाप्रमाणे त्याच्यासह दीर्घकाळ जगावयाचे असते. गाठी विरल्या म्हणून सहापैकी तीनच पाळ्या घेऊन थांबणे, हे अर्ध्या वाटेवर बैल सोडण्यासारखे आहे.

दुसरी, सर्वांत महाग औषध म्हणजे सर्वांत जास्त आयुष्य, असे समीकरण या रोगात आढळत नाही. निरनिराळ्या पद्धतींनी रोग परतण्याचा काळ लांबतो. आयुर्मान मात्र पुष्कळदा समान राहते. रोगमुक्त काळ लांबणे हाही मोठाच लाभ आहे, हे खरे. परंतु जी पद्धत परवडते आणि पुरी करता येते, तिच्याऐवजी महागड्या औषधासाठी बागायत विकण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : याने नेमके काय वाढणार, रोगमुक्त काळ की आयुष्य? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

तिसरी, उपचारापूर्वी कावीळ ‘ब’ची रक्तचाचणी अवश्य झाली पाहिजे. शरीरात सुप्त असलेला हा विषाणू रिटक्सिमॅबमुळे पुन्हा उसळून यकृतास घातक ठरू शकतो. चाचणी स्वस्त आहे आणि धोका ओळखल्यास प्रतिबंधक गोळ्या देता येतात. उपचारकाळात ताप आल्यास घरगुती काढ्यावर रात्र न काढता त्वरित रुग्णालयात जावे.

कोल्हापूरच्या रुग्णाची वाट

पूर्वी अशा रुग्णाची वाट एकच होती, परळची. पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांनी ज्या कार्याचा ध्यास घेतला, त्यातून त्यांच्या विश्वस्त निधीद्वारे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. पुढे १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आले. आजही कठीण निदानासाठी आपल्या जिल्ह्यातील अनेक जण महालक्ष्मी एक्स्प्रेसने तेथे जातात. परंतु प्रत्येक पाळीसाठी मुंबई गाठण्याची आवश्यकता नसते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे देशभरातील रुग्णालयांत समान उपचारपद्धती रूढ होत आहेत. निदान व उपचाराची आखणी मोठ्या केंद्रात आणि सलाइनमधून द्यावयाच्या पाळ्या घराजवळ, अशी विभागणी डॉक्टरांच्या संमतीने करता येते. चंदगड, आजरा वा गगनबावड्याच्या रुग्णास त्याने केवढा दिलासा मिळतो, हे मी सांगावयास नको.

खर्चाबाबत, राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व २०१३ मध्ये सर्वत्र लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे दरवर्षी दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. कर्करोगाचे औषधोपचार तीत समाविष्ट आहेत. तथापि, कोणते औषध व किती पाळ्या मंजूर होतील, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचार सुरू होण्यापूर्वी लेखी समजून घ्यावे. पैसे भरल्यानंतर धावाधाव करण्यापेक्षा आधी विचारणे श्रेयस्कर.

आपले कार्य

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की शिधापत्रिकेतील नावे व आधारवरील नावे जुळत नसल्यास ती आताच दुरुस्त करून घ्यावीत. रोग झाल्यावर नावातील एका अक्षरासाठी कुटुंबाचे आठ-दहा दिवस जातात. रेल्वे व एस.टी.तील कर्करुग्णांच्या प्रवास सवलतीची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी. मृत्यूची नोंद करताना कारण नेमके लिहावे. ग्रामीण भागातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद देशात प्रथम १९८७ पासून बार्शी परिसरात झाली. अशी नोंद असते तेथेच रोगाचा आकार कळतो आणि नियोजन करता येते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत एकच वाक्य घरोघरी पोचवावे : तीन-चार आठवड्यांत न ओसरणारी, न दुखणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. आणि ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराशी पाणी-पंगतीचा व्यवहार पूर्ववत ठेवून आपणच उदाहरण घालून द्यावे.

शासकीय सेवेतील सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की दर तीन महिन्यांनी रजा मागणारा आपला कर्मचारी कामचुकार असेलच असे नाही. बाहेरून निरोगी दिसणारा मनुष्यही प्रतीक्षेतील रुग्ण असू शकतो. त्याची नोकरी टिकली, तर त्याचा उपचारही टिकतो.

मित्रहो, संथ रोगाला धीराचा सोबती लागतो. निदान अचूक, पाळ्या पुऱ्या आणि तपासणी नियमित, या तीन गोष्टी सांभाळल्या तर या रोगाचे पुष्कळ रुग्ण मुलांची लग्ने पाहतात, नातवंडे खेळवितात आणि शेतीही करतात. त्या तीन गोष्टी सांभाळण्याचे काम रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, आपल्या गावात होत असते, आणि ते आपल्या हाती आहे.